छतावरचे ऊन आणि जिन्यातला दिवा
वाचकांचे प्रश्न

गेल्या महिन्यात याच पानावर गृहनिर्माण सोसायट्यांच्या सामायिक वीजबिलाविषयी चार ओळी लिहिल्या होत्या. त्यानंतर आलेल्या पत्रांपैकी बहुतेक पत्रे वीज, सौर ऊर्जा आणि बचत याच विषयावरची निघाली, म्हणून या वेळचे सगळे पान त्यांनाच दिले आहे. एकाच आशयाची पत्रे एकत्र केली असून, पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार वगळली आहेत.

प्रश्न : आमची ठाण्यातील सात मजल्यांची, २८ सदनिकांची सोसायटी आहे. सामायिक मीटरवर दरमहा सरासरी ९०० युनिट वीज लागते. गच्चीवर गळती थांबवण्यासाठी बारा वर्षांपूर्वी पत्र्याची शेड घातली होती; तिच्यावर सौर पॅनेल बसवावेत असा प्रस्ताव मी आमसभेत दोनदा मांडला आणि दोन्ही वेळा तो बारगळला. काहींना खर्च जास्त वाटतो, तर काहींना पत्रे पुन्हा गळतील अशी भीती वाटते. सदस्यांना कसे पटवावे?
— सोसायटीचे खजिनदार, वर्तकनगर, ठाणे

उत्तर : खजिनदारसाहेब, सदस्यांना पटवण्याआधी ते ९०० युनिट जातात कुठे, हे आपण स्वतः शोधावे, असा माझा आग्रह आहे. आपल्या पत्रात जिन्यात, वाहनतळात आणि आवारात मिळून तीस जुन्या ट्यूबलाइट असल्याचा ओझरता उल्लेख आहे. चोकसह धरली तर अशी एक ट्यूब सुमारे ५५ वॉट वीज खाते. संध्याकाळी सहा ते सकाळी सहा तीस ट्यूब चालल्या की रोजचे जवळजवळ २० युनिट आणि महिन्याचे सुमारे ६०० युनिट होतात. म्हणजे ज्या बिलाचा दोष सगळे जण लिफ्टला देतात, त्यातला दोन तृतीयांश वाटा जिन्यातल्या दिव्यांचा आहे. त्यांच्या जागी २० वॉटच्या एलईडी पट्ट्या लावल्या, तर हाच आकडा २१६ युनिटांवर येतो आणि महिन्याला सुमारे ३८० युनिट वाचतात.

आता ही बचत पॅनेलच्या भाषेत मांडून पाहा. आपल्या भागात १ किलोवॉटचे पॅनेल वर्षाच्या सरासरीने दिवसाला सुमारे ४ युनिट, म्हणजे महिन्याला १२० युनिट वीज देतात आणि त्यासाठी सावली नसलेली साधारण १०० चौरस फूट जागा लागते. तेव्हा ३८० युनिट वाचवणे म्हणजे तीन किलोवॉटहून अधिक क्षमतेचे पॅनेल न घेताच बसवल्यासारखे आहे. त्या पट्ट्यांचा सगळा खर्च दहा हजार रुपयांच्या आत राहावा. ट्यूब न बदलता आपण आज प्रस्ताव मांडला, तर तो आठ किलोवॉटचा होईल. ट्यूब बदलून मांडला, तर पाच किलोवॉटमध्ये काम भागेल. ठेकेदार अर्थातच आठचा प्रस्ताव आणतो, कारण ट्यूब विकणे हा त्याचा धंदा नाही.

पंपाकडेही एकदा पाहून घ्यावे. पाच अश्वशक्तीचा पंप तासाला चार ते साडेचार युनिट घेतो. गच्चीवरची टाकी भरून वाहू लागल्यावर पहारेकरी खाली येऊन पंप बंद करेपर्यंत रोज अर्धा तास जात असेल, तर पाणी तर जातेच, पण महिन्याला साठ-पासष्ट युनिटही जातात. टाकी भरली की आपोआप पंप बंद करणारे साधे उपकरण कुठल्याही विजेच्या दुकानात मिळते.

यानंतर पॅनेलचा विचार. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या 'पीएम सूर्यघर : मोफत वीज योजने'त स्वतंत्र घराला पहिल्या दोन किलोवॉटसाठी प्रत्येकी ३०,००० रुपये आणि तिसऱ्या किलोवॉटसाठी १८,००० रुपये, असे जास्तीत जास्त ७८,००० रुपयांचे अनुदान मिळते. सोसायटीच्या सामायिक वापरासाठीचा दर प्रति किलोवॉट १८,००० रुपये आहे. त्यात वाहनांचे चार्जिंगही धरले जाते. पाच किलोवॉटला त्यामुळे ९०,००० रुपये होतात. मात्र पॅनेल देशी बनावटीचेच असावे लागतात, ठेकेदार योजनेच्या संकेतस्थळावर नोंदलेला असावा लागतो आणि अनुदान काम पूर्ण होऊन तपासणी झाल्यावरच खात्यात जमा होते. ही रक्कम ठेकेदाराच्या बिलातून आधीच वजा करायची नसते, हे आमसभेत स्पष्ट सांगावे, कारण घोळ बहुधा तिथेच होतो. आमच्याच सोसायटीचा अनुभव सांगतो. ठेकेदाराने पॅनेल चढवताच नव्वद टक्के रक्कम मागितली आणि आम्ही ती भाबडेपणाने दिली. त्यानंतर नेट मीटरच्या (वीज कंपनीला दिलेली आणि तिच्याकडून घेतलेली अशी दोन्हीकडची वीज मोजणाऱ्या मीटरच्या) अर्जाचा पाठपुरावा करायला तो फिरकलाच नाही. चार महिने आमचे पॅनेल नुसतेच उन्हात बसून होते. तेव्हा शेवटचा किमान पंचवीस टक्क्यांचा हप्ता नेट मीटर बसून पहिले बिल हाती आल्यावरच द्यावा आणि हे करारात लिहून घ्यावे.

पत्रे गळण्याची भीती मात्र खोटी नाही. बारा वर्षांच्या शेडचे लोखंड ठाण्याच्या दमट हवेत कितपत शाबूत आहे, हे स्थापत्य अभियंत्याकडून तपासल्याशिवाय तिच्यावर एक किलोचाही भार टाकू नये. सांगाडा गंजलेला असेल, तर पॅनेलसाठी जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचे खांब थेट कॉलमच्या डोक्यावरून उभे करावेत. पत्र्याला भोके पाडावीच लागली, तर ती पन्हळीच्या उंचवट्यावर पाडावीत. खोलगट भागात पाडलेले भोक पहिल्याच पावसात गळते. वाऱ्याचा हिशेबही लेखी मागावा. जून २०२० मधले 'निसर्ग' आणि मे २०२१ मधले 'तौक्ते' या दोन चक्रीवादळांत या पट्ट्यातले किती पत्रे उडाले, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. पाण्याच्या टाकीची आणि लिफ्टच्या खोलीची सावली सकाळी नऊ आणि दुपारी तीन वाजता कुठपर्यंत जाते, ते हिवाळ्यात खडूने आखून ठेवावे. पॅनेल एकमेकांना माळेसारखे जोडलेले असल्यामुळे एकावर पडलेल्या सावलीचा फटका शेजारच्यांनाही बसतो.

आता पटवण्याविषयी. दोनदा बारगळलेला प्रस्ताव तिसऱ्यांदा तसाच मांडू नका. आधी ट्यूब बदला. एवढ्या खर्चाला समितीची मंजुरी सहसा पुरते. पुढच्या महिन्याचे बिल आणि गेल्या वर्षीचे त्याच महिन्याचे बिल सूचनाफलकावर शेजारीशेजारी लावा आणि फरकाच्या आकड्याभोवती लाल पेनाने गोल करा. भाषण करू नका. तीन महिने लागोपाठ ही दोन बिले लावल्यावर 'मग पॅनेलचे काय झाले?' असे एखादा विरोधकच विचारील, आणि तो प्रश्न आपण मांडलेल्या कोणत्याही ठरावापेक्षा अधिक उपयोगी ठरेल.

प्रश्न : वीज वाचवण्यासाठी पंखे बदलावेत की वातानुकूलन यंत्र? दोन्हींचा खर्च एकदम झेपणारा नाही.
— एक गृहिणी, कोपरी, ठाणे

उत्तर : आधी पंखे. जुना पंखा ७५ वॉटच्या आसपास वीज घेतो, तर बीएलडीसी (ब्रश नसलेल्या, कमी वीज खाणाऱ्या) मोटरचा नवा पंखा साधारण ३० वॉटमध्ये तेवढाच वारा देतो. दिवसाला पंधरा तास चालणाऱ्या एका पंख्यामागे महिन्याला सुमारे २० युनिट वाचतात. आपला वापर ३०० युनिटांच्या सीमेवर असेल, तर हे वाचलेले युनिट वरच्या, महागड्या टप्प्यातले असतात, म्हणून रुपयांतली बचत युनिटांच्या मानाने जास्त दिसते. यंत्र तूर्त राहू द्या, पण ते २४ अंशांवर ठेवा. जानेवारी २०२० पासून तारांकित (वीजबचतीचे तारे मिळालेली) यंत्रे मुळातच २४ अंशांवर सुरू होतील अशी सक्ती आहे. आपण हौसेने ते १८ वर नेतो. एक अंश वाढवला की सुमारे सहा टक्के वीज वाचते, असे ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो सांगतो. २४ अंश आणि वर मंद पंखा, एवढ्यात ठाण्याचा मे महिना निभतो.

प्रश्न : मी शहापूर येथील माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. स्वच्छ ऊर्जा आणि संवर्धन यांचा प्रसार आमच्या गावात व्हावा म्हणून आम्ही दोन वर्षे प्रभातफेरी काढली, पथनाट्य केले, भिंती रंगवल्या. लोक कौतुक करतात आणि घरी जातात; बदल काहीच दिसत नाही. नगरपंचायतीच्या लहान गावात हे काम खरोखर कसे उभे राहील?
— एक शिक्षिका, शहापूर, जि. ठाणे

उत्तर : बाई, शहापूरला संवर्धनाचे घोषवाक्य ऐकवणे थोडे अवघडच आहे, आणि त्याचे कारण आपल्याला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. १८९२ पासून मुंबईला पाणी पुरवणारा तानसा तलाव आपल्याच तालुक्यातला आहे. मुंबईच्या रोजच्या पाण्याचा जवळजवळ निम्मा हिस्सा एकट्या भातसा धरणातून जातो. आमच्या ठाण्याच्या नळालाही त्यातले पाणी येते. त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर एप्रिल-मे महिन्यांत टँकर फिरतो. ज्या बाईने दोन हंड्यांसाठी टँकरमागे धाव घेतली आहे, तिच्यासमोर 'पाणी वाचवा'चे पथनाट्य करणे हा तिचा अपमान आहे. म्हणून पहिली सूचना अशी की, ज्याच्याकडे वाचवण्यासारखे काही आहे त्याच्याकडेच बचतीचा विषय न्यावा. ज्याच्याकडे काहीच नाही त्याच्याकडे सोय न्यावी.

बाजारपेठेतल्या आणि स्थानकाकडच्या वस्त्यांतल्या पक्क्या घरांत वाचवण्यासारखे पुष्कळ आहे. कोपरीच्या बाईंना दिलेल्या उत्तरातला पंख्याचा हिशेब इथे धरू. एक हजार घरांनी प्रत्येकी दोन पंखे बदलले, तर महिन्याला ४०,००० युनिट वाचतात. तेवढी वीज तयार करायला तीनशे किलोवॉटहून अधिक पॅनेल लागतील. पण हा आकडा फलकावर रंगवून काही होणार नाही. वीज मोजणारे खुंटीसारखे छोटे उपकरण हजार रुपयांच्या आसपास मिळते. आठवडी बाजाराच्या दिवशी एका टेबलावर जुना आणि नवा असे दोन पंखे त्याला जोडून चालू ठेवा आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला आकडा स्वतः वाचू द्या. आठवी-नववीच्या मुलांना महिनाभर दर रविवारी आपापल्या घरचा मीटर वाचून वहीत लिहायला सांगा. मुलाने 'बाबा, या आठवड्यात नऊ युनिट जास्त गेले' असे जेवताना म्हटले की जे होते, ते प्रभातफेरीने होत नाही.

दुसरे असे की, गावातले वायरमन आणि विजेच्या सामानाचे दुकानदार यांना आपण आजवर या कामात घेतलेले दिसत नाही. लहान गावात कोणता पंखा घ्यायचा हे गिऱ्हाईक ठरवत नाही, वायरमन ठरवतो. त्याने 'ताई, हा नवा पंखा बिघडला तर इथे दुरुस्त होत नाही' असे म्हटले की विषय संपला. आणि पुष्कळदा त्याचे म्हणणे खरेही असते, कारण त्या पंख्यातले सर्किट त्याला कोणी शिकवलेलेच नसते. एखाद्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतल्या निदेशकांना विनंती करून पाच-सहा वायरमनांसाठी दोन रविवारांचे प्रशिक्षण ठेवता आले, तर ते दहा पथनाट्यांच्या बरोबरीचे समजावे. नवा पंखा एकरकमी घेणे ज्यांना जमत नाही, त्यांच्यासाठी बचत गटांच्या हप्त्यांचा मार्ग आहेच.

तिसरे काम नगरपंचायतीकडे. कोणत्याही लहान नगरसंस्थेच्या वीजखर्चात पथदिवे आणि पाणीपुरवठ्याचे पंप हे दोन मोठे वाटे असतात. गेल्या बारा महिन्यांची ही दोन बिले मागून घ्यावीत. सहज मिळाली तर उत्तम, नाहीतर २००५ चा माहिती अधिकार कायदा आहेच. कोणत्या खांबावरचे दिवे दिवसाही जळतात, याची यादी मुले एका आठवड्यात करतील. ही यादी बिलांसह मुख्याधिकाऱ्यांपुढे ठेवताना तक्रारीचा सूर नसावा. राज्याच्या पर्यावरण विभागाने २ ऑक्टोबर २०२० पासून 'माझी वसुंधरा अभियान' सुरू केले असून, त्यात स्थानिक संस्थांना पंचमहाभूतांच्या पाच कसोट्यांवर गुण मिळतात. अग्नी या कसोटीत ऊर्जेचे काम मोजले जाते. मुख्याधिकाऱ्यांना ते गुण हवे असतात आणि आपल्याला दिवसा जळणारे दिवे बंद व्हायला हवे असतात. दोघांचे काम एकाच कागदावर होऊ शकते.

आसपासच्या गावांतल्या शेतकरी पालकांना 'मागेल त्याला सौर कृषिपंप' योजनेची माहिती द्यावी. तिच्यात सर्वसाधारण गटातील शेतकऱ्याला किमतीच्या दहा टक्के, तर अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्याला पाच टक्के हिस्सा भरावा लागतो. रात्री भाताला किंवा भाजीला पाणी द्यायला सापाविंचवाच्या भीतीत जावे लागणाऱ्याला या पंपाची महती सांगावी लागत नाही. त्याला फक्त अर्ज कसा भरायचा ते सांगावे लागते. सातारा जिल्ह्यातल्या पाटण तालुक्यातली मान्याचीवाडी ही शंभरच्या आसपास घरांची वस्ती २०२४ मध्ये राज्यातले पहिले सौरग्राम ठरली. सहल काढायचीच असेल, तर नगरसेवकांना आणि वायरमनांना घेऊन तिथे काढावी.

पाड्यांवरचा प्रश्न अगदी वेगळा आहे. ठाकूर, कातकरी, वारली कुटुंबांच्या घरात विजेचा वापर इतका थोडा असतो की, बचतीचा उपदेश तिथे हास्यास्पद ठरेल. तिथली ऊर्जा म्हणजे चूल, आणि तिथले प्रदूषण म्हणजे त्या चुलीचा धूर, जो स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या आणि तिच्या मांडीवरच्या मुलाच्या छातीत जातो. गॅसची जोडणी पुष्कळांकडे आहे, पण मोलमजुरीवर चालणाऱ्या घराला दुसरी टाकी भरून आणणे जड जाते, आणि मग शेगडी फळीवर जाते. अशा ठिकाणी धुराडे असलेली सुधारित चूल बांधून देणे हेच स्वच्छ ऊर्जेचे काम होय. ते छायाचित्रात फारसे उठून दिसत नाही, एवढाच त्याचा दोष.

जाता जाता एक. मुलांना स्वच्छ विजेविषयी सांगताना तिची किंमत कुणी मोजली, हेही सांगावे. १९१५ मध्ये खोपोलीचे जलविद्युत केंद्र सुरू झाले आणि मुंबईच्या गिरण्यांना धूर न करणारी वीज मिळाली. त्याच साखळीतले पुढचे धरण मुळशीला होऊ लागले, तेव्हा १९२१ मध्ये सेनापती बापटांना जमिनी पाण्याखाली जाणाऱ्या तिथल्या मावळ्यांबरोबर सत्याग्रहाला उभे राहावे लागले. धरणांच्या तालुक्यातल्या मुलांना हा धडा पटकन कळेल.

प्रश्न : माझ्या बंगलीच्या छतावर तीन किलोवॉटचे पॅनेल बसवायचे आहेत, पण रस्त्याकडेच्या जुन्या पर्जन्यवृक्षाची सावली दुपारनंतर येते. ठेकेदार म्हणतो, दोन मोठ्या फांद्या उतरवल्या की काम होईल.
— एक ज्येष्ठ नागरिक, पाचपाखाडी, ठाणे

उत्तर : तसे करू नये. १९७५ च्या महाराष्ट्र नागरी क्षेत्र वृक्ष संरक्षण व जतन कायद्यानुसार झाड तोडण्यास वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, आणि झाड मरेल किंवा खुरटेल अशी छाटणीही तोडीतच जमा होते. झाड आपल्या कुंपणाच्या आत असले तरीही. पण कायदा क्षणभर बाजूला ठेवू. ते झाड दुपारनंतर आपल्या पश्चिमेच्या भिंतीवर सावली धरते म्हणूनच वरच्या खोलीत वातानुकूलन यंत्राची गरज कमी भासते. ते गेले तर पॅनेलने मिळवलेली वीज भिंतीचा ताव उतरवण्यातच जाईल. सकाळचे ऊन मिळणाऱ्या पूर्वेच्या भागात दोन किलोवॉट बसतात का ते पाहा, आणि प्रत्येक पॅनेलला स्वतंत्र मायक्रो-इन्व्हर्टर (पॅनेलची वीज घरच्या वापराजोगी करणारे छोटे उपकरण) लावण्याचा खर्च विचारा. त्यामुळे सावलीतले पॅनेल उन्हातल्याला मागे खेचत नाही.

प्रश्न : आमच्या भागात खाडीकडच्या रस्त्यावर जुने पिवळे दिवे काढून पांढरे एलईडी लावले. वीज वाचली असेल, पण रात्री दिवसासारखा लख्ख उजेड असतो आणि पाणथळीवरचे पक्षी अस्वस्थ दिसतात. याला संवर्धन म्हणावे का?
— सकाळी फिरायला जाणारे काही रहिवासी, नेरुळ, नवी मुंबई

उत्तर : वीज वाचली असेल, हे आपण गृहीत धरले आहे, मी धरणार नाही. दिवा स्वस्त झाला की माणूस एकाच्या जागी दोन लावतो, ही जुनी खोड आहे. खांबांची संख्या आणि दिव्यांचे वॉट यांचा गुणाकार आधीच्यापेक्षा कमी झाला की वाढला, हे प्रथम विचारावे.

पक्ष्यांबाबत आपले निरीक्षण दुर्लक्ष करण्यासारखे नाही. ठाणे खाडीतले १,६९० हेक्टरांचे रोहित अभयारण्य २०१५ मध्ये घोषित झाले आणि २०२२ मध्ये खाडीला महत्त्वाच्या पाणथळ जागांना मिळणारा रामसर स्थळाचा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला. भरतीच्या वेळी खाडीचा चिखल पाण्याखाली गेला की हे रोहित, म्हणजे आपले फ्लेमिंगो, नेरुळ-सीवूड्सकडच्या पाणथळ जागांवर येऊन टेकतात, आणि भरती तर रात्रीही येतेच. निळसर पांढरा प्रखर प्रकाश उडणाऱ्या पक्ष्याला दिपवतो आणि त्याची दिशा चुकवतो. अशा रस्त्यावर दिवे असूच नयेत असे कोणी म्हणणार नाही. बायकांना, मुलांना रात्री त्या रस्त्याने यावेच लागते. मात्र दिव्याचा रोख खाली रस्त्याकडे असावा, पाण्याच्या बाजूला पत्र्याचा आडोसा असावा, प्रकाशाचा रंग उबदार पिवळा असावा आणि मध्यरात्रीनंतर त्याची तीव्रता निम्म्यावर आणावी. चारही गोष्टी आजच्या एलईडी दिव्यांत सहज होतात आणि तीव्रता निम्म्यावर आणल्याने वीजही वाचते. महापालिकेच्या विद्युत विभागाला अर्ज देताना त्याची प्रत वन विभागाच्या कांदळवन कक्षाला द्यावी. ऐरोलीचे सागरी जैवविविधता केंद्र त्यांचेच आहे. एकाच रात्री, एकाच जागेवरून काढलेली दोन-तीन छायाचित्रे सोबत जोडावीत. 'पक्ष्यांना त्रास होतो' या वाक्यापेक्षा त्यांचे वजन अधिक पडते.

प्रश्न : आमच्या मोठ्या संकुलात ओल्या कचऱ्यापासून बायोगॅस करण्याचा संच बसवला होता. वर्षभर उत्साहाने चालला. गेल्या दिवाळीनंतर गॅस पेटेनासा झाला, दुर्गंधी सुटली आणि समितीने तो बंद केला. आता सगळे म्हणतात, 'हे आपल्याकडे चालतच नाही.'
— समिती सदस्य, घोडबंदर रस्ता, ठाणे

उत्तर : दिवाळीनंतर बंद पडला, यातच उत्तर आहे. सणाच्या आठवड्यात संचात नेहमीच्या भाजीच्या देठांऐवजी फराळ, मिठाई, तेलकट पदार्थ आणि शिळा भात एकदम गेला असणार. संचाच्या पोटात दोन प्रकारचे जिवाणू राबतात : पहिले अन्न कुजवून आम्ल करतात, दुसरे त्या आम्लापासून मिथेन वायू करतात. पहिले चपळ आहेत, दुसरे संथ. गोड आणि पिठूळ पदार्थांचा लोंढा आला की आम्ल साचते, दुसरे जिवाणू त्यातच मरगळतात, आणि मग जो वायू येतो त्यात कर्बवायूच अधिक असल्याने तो पेटत नाही. तीन दिवस लग्नाच्या पंगतीत जेवलेल्या माणसाचे जे होते, तेच संचाचे झाले. त्याला लंघन द्यावे लागते. आठ-दहा दिवस काहीही टाकू नये, शेणाचा पातळ काला थोडाथोडा घालावा, जरूर पडल्यास चुन्याची निवळी घालून आम्लता उतरवावी आणि गॅस निळ्या ज्योतीने पेटू लागला की नेहमीच्या पाव हिश्शाने सुरुवात करावी. लिंबू-मोसंबीच्या साली, अंड्यांची टरफले, हाडे आणि नारळाच्या करवंट्या संचात कधीच जाऊ नयेत.

'आपल्याकडे चालत नाही' हे म्हणणे तर अजिबात मान्य करू नका. 'निसर्गऋण' ही बायोगॅसची पद्धत मुंबईतल्या ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातच डॉ. शरद काळे यांनी विकसित केली. म्हणजे ती आपल्याच हवेतली आणि आपल्याच खरकट्यावर तपासलेली आहे. अडचण असते ती माणसाची. सकाळी कचरा निवडून, वजन करून, नोंद करून संचात घालणारा एक पगारी माणूस आणि तो रजेवर असताना त्याची जागा घेणारा दुसरा, एवढी तरतूद नसेल तर संच पुन्हा चालू करूच नये. त्यांचा पगार गॅसमधून निघेल अशी अपेक्षाही ठेवू नये. एक घनमीटर बायोगॅस म्हणजे सुमारे ४३० ग्रॅम एलपीजी. त्यात पहारेकऱ्यांचा चहा-स्वयंपाक होईल. आणि दिवसाला १०० किलोहून अधिक कचरा करणाऱ्या संकुलाला घनकचरा नियमांनुसार आपला ओला कचरा शक्यतो आपल्याच आवारात जिरवायचा आहे. गॅस न काढता नुसते खत केले, तरी तो माणूस लागणारच होता.

प्रश्न : बदलापूरला वीज वारंवार जाते, म्हणूनच आम्ही मोठ्या आशेने तीन किलोवॉटचे पॅनेल बसवले. भर दुपारी लख्ख ऊन असतानाही वीज गेली की घरातले पंखे बंद पडतात. आमची फसवणूक झाली का? शिवाय पावसाळ्यात उत्पादन फारच घटले आहे.
— एक सेवानिवृत्त कर्मचारी, बदलापूर (पश्चिम)

उत्तर : फसवणूक झालेली नाही, आपल्याला आधी सांगितले गेले नाही, एवढेच, आणि तेही कमी चुकीचे नाही. महावितरणच्या जाळ्याशी जोडलेला पॅनेलचा इन्व्हर्टर बाहेरची वीज गेली की स्वतःहून बंद होतो आणि त्याने बंद व्हावे असाच नियम आहे. तो चालू राहिला, तर आपल्या छतावरची वीज उलट तारेत शिरेल, आणि खांबावर दुरुस्तीला चढलेल्या लाइनमनचा जीव जाईल. वीज गेल्यावरही घर चालू ठेवायचे असेल, तर बॅटरीसह चालणारा हायब्रीड इन्व्हर्टर लागतो, जो त्या वेळी घराला जाळ्यापासून तोडून फक्त घरापुरती वीज देतो. त्याचा खर्च बराच असतो आणि बॅटरी काही वर्षांनी बदलावी लागते. आपल्या घरी पंखे आणि दिव्यांपुरती गरज असेल, तर बॅटरीवरचा साधा घरगुती इन्व्हर्टर वेगळा ठेवणे स्वस्त पडेल.

पावसाळ्यातील घट अपेक्षितच होती. जुलै-ऑगस्टमध्ये उत्पादन उन्हाळ्याच्या निम्म्यापर्यंतही उतरते. एप्रिल-मे महिन्यांत जमा झालेले जादा युनिट मार्चअखेरच्या हिशेबापर्यंत पुढे ओढले जातात, म्हणून बिल महिन्याचे न पाहता वर्षाचे पाहावे. पावसाळा संपल्यावर दर पंधरा दिवसांनी एकदा पॅनेल मऊ फडक्याने आणि साध्या पाण्याने पुसावेत, तेही सूर्य वर येण्याआधी; तापलेल्या काचेवर गार पाणी पडले की काच तडकू शकते, आणि दुपारी त्या तारांत भरपूर विद्युतदाब असतो.

एक गोष्ट आपण विचारलेली नाही, पण बदलापूर पश्चिम म्हटल्यावर मला विचारावीशी वाटते : इन्व्हर्टर आणि मीटर कोणत्या उंचीवर आहेत? २६ जुलै २००५ ला आणि पुन्हा २७ जुलै २०१९ ला, जेव्हा बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली होती, तेव्हा उल्हास नदीचे पाणी आपल्या गल्लीत कुठवर आले होते, याची खूण एखाद्या जुन्या भिंतीवर अजून असेल. इन्व्हर्टर त्या खुणेच्या किमान तीन फूट वर, शक्यतो पहिल्या मजल्यावर न्यावा. घरात पाणी शिरू लागले, तर आधी इन्व्हर्टरची मुख्य वाहिनीकडची कळ आणि मग पॅनेलकडची कळ बंद करावी, आणि पाणी ओसरल्यावर वायरमनने तपासल्याशिवाय दोन्हींना हात लावू नये. रात्री बाहेरची वीज नसली तरी सकाळी ऊन येताच पॅनेलच्या तारांत वीज येते. पुराच्या दुसऱ्या दिवशी सफाईला लागलेल्या माणसाच्या हे लक्षात येत नाही.